खोलीतला घुमारा रिक्षात कुठे गेला?

जुळे सोलापुरात एका मित्राने घरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत स्टुडिओ थाटलाय. गड्ड्याच्या यात्रेसाठी त्याने सिद्धेश्वर महाराजांचं एक गाणं केलं. खोलीत ढोलकीचा घुमारा छातीवर यायचा. तेच गाणं रिक्षात लावलं, तर नुसती टणटण. मिक्सिंग, म्हणजे वाद्यं-आवाजांची पातळी जुळवणं, त्याने घरच्या म्युझिक सिस्टिमवर केलं होतं. अशी सिस्टिम गाणं भरदार लागावं म्हणून खर्ज फुगवून ऐकवते, मग मिक्स करणारा खर्ज कमीच ठेवतो. स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगसाठीचा स्पीकर, असं काही वाढवत नाही. जे आहे तेच ऐकवतो, कानाला रुक्ष वाटलं तरी.

आता तो विचारतोय, पाच इंची वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर घेऊ की आठ इंची?

मी पाच इंची म्हणालो. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास ७ मीटर असते. दहा फुटी खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, आणि खोली चौरस असल्याने लांबी-रुंदी दोन्हींकडून तोच. आठ इंची वूफर नेमका तोच सूर जोरात जागा करणार. छोटे मॉनिटर कानापासून मीटर-सव्वा मीटरवर ठेवले की भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाआधी आणि त्याहून ठळक असा थेट आवाज पोचतो. म्हणून त्यांना निअरफील्ड म्हणतात. मोठ्या स्टुडिओत भिंतीत बसवलेले मुख्य मॉनिटर असतात, तो वेगळा संसार.

मॉनिटरच्या खोक्याला भोक आहे का, हेही बघावं. भोकातली हवा घुमून लहान खोक्यातूनही जास्त खर्ज काढते, पण तो सूर थांबायला जरा वेळ घेतो. बंद खोक्यात खर्ज कमी, पण थाप तिथल्या तिथे संपते. हलगी-ढोलकीवाल्याने हा फरक ऐकूनच पैसे मोजावेत. पांढऱ्या शंकूसारख्या पडद्याचा यामाहा एनएस-१० स्पीकर असाच बंद खोक्याचा. १९७८ मध्ये तो घरगुती स्पीकर म्हणून आला आणि जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला.

ॲक्टिव्ह मॉनिटरमध्ये अँप्लिफायर आतच असतो, पॅसिव्हला बाहेरून जोडावा लागतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने ॲक्टिव्हच घ्यावा. अँप्लिफायर आणि स्पीकरची जुळवाजुळव कंपनीने केलेली असते.

मित्राने भिंतीला सोलापुरी चादर चिकटवली होती. भिंतीला टेकून हवेचे कण हलतच नाहीत, मग कापड शोषणार काय? ती वीतभर पुढे टांगली, तेव्हा टाळीचा प्रतिध्वनी बराच दबला. ५६ हर्ट्झचा घुमारा मात्र चादरीला दाद देत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) जाड थर रचायचं ठरलंय.