आजव्याचे पाणी आणि बडोद्याचे दफ्तर

बडोद्यात पावसाने जोर धरला की घरोघरी एकच चौकशी सुरू होते: आजवा किती झाला? आजवा म्हणजे शहराला पाणी पुरवणारे तळे. उत्तर फुटांत येते, २११ नाहीतर २१२. नव्या माणसाला वाटते, केवढे खोल तळे! हे फूट समुद्रसपाटीपासून मोजलेले असतात. शहर स्वतः साधारण ३९ मीटरवर, म्हणजे १२८ फुटांच्या आसपास वसलेले आहे. तळे आणि शहर यांच्यात असा ऐंशीएक फुटांचा उतार पडतो. आजव्याची सगळी योजना या उतारावर बेतलेली होती. पंप नको, कोळसा नको, पाणी आपल्या वजनाने बिडाच्या नळातून वीसएक किलोमीटर चालत येणार.

त्याआधी शहर विहिरी, तळी आणि विश्वामित्री नदी यांच्यावरच भागवत असे. वावा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, होत्या. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव तर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची. दिसायला सुंदर, पण पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचे आणि तेच पाणी भरून घरी न्यायचे, ही पद्धत नारूसारख्या, पाण्यातून पसरणाऱ्या रोगाला फार सोयीची. भरवस्तीतले सूरसागर तळे पाण्यापेक्षा शोभेलाच अधिक उपयोगी.

दूरवरून पाणी आणण्याचा विचार बडोद्याचे राजे खंडेराव महाराज यांच्या वेळचा, आणि तोही थेट नर्मदेचे. नर्मदा बारमाही, पुण्यसलिला; महाराजांच्या मनाला ती पटणे साहजिक होते. पण ती खोल पात्रातून वाहते. शहरापर्यंत पाणी चढवायचे तर इंजिने लावून रोज कोळसा जाळायला हवा. पुढे मल्हारराव गादीवर आले आणि योजना मागे पडली. १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करून सयाजीरावांना दत्तक घेतले गेले. कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे आला. रिकाम्या तिजोरीची घडी बसवणे हे त्यांचे पहिले काम. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले, आणि पाण्याच्या प्रश्नाने खरा वेग घेतला तो त्यानंतर.

इंजिनिअर जगन्नाथ सदाशिव यांनी नदीचा नाद सोडून पावसाचे पाणी अडवायचे ठरवले. शहराच्या पूर्वेला आजवा गावाजवळ सूर्या नावाची लहानशी नदी आहे. पुढे ती विश्वामित्रीला मिळते. एरवी तिच्याकडे कोणी वळून पाहिले नसते. पण पावागढ-हालोलकडचे पाणी त्याच बाजूला उतरते आणि जागा शहरापेक्षा उंच आहे. अडचण एकच: दोन डोंगरांमधली अरुंद खिंड तिथे नाही. सपाट रानात पाणी अडवायचे तर बंधारा लांबच लांब घालावा लागतो. म्हणून आजव्याचा मातीचा बांध जवळजवळ पाच किलोमीटर पसरला आहे. ८ जानेवारी १८८५ रोजी कामाला आरंभ झाला. २९ मार्च १८९२ रोजी शहरात पाणी आले, तेही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. तळ्याला सयाजी सरोवर हे नाव मिळाले.

त्याच काळात लक्ष्मीविलास राजवाडा बांधला जात होता. त्याचा आराखडा करणारे मेजर मँट बडोद्यात पुष्कळांना नावाने ठाऊक आहेत. जगन्नाथ सदाशिव कोण, हे विचारून पाहावे. राजवाडा पाहायला लोक येतात. पाणी मात्र आले की झाले.

१९०१ च्या शिरगणतीत शहराची वस्ती १,०३,७९० होती. आज ती वीस लाखांच्या घरात आहे, आणि एकट्या आजव्याने भागणे शक्यच नाही. महीच्या पात्रातल्या फाजलपूर, रायका, दोडका, पोयचा इथल्या फ्रेंच वेलमधून, म्हणजे नदीपात्रातल्या मोठ्या विहिरींतून, पाणी येते, नर्मदेच्या कालव्यातूनही घेतले जाते. पूर्वेकडच्या वस्त्यांना अजून आजव्याचा आधार आहे. उंचावरच्या या तळ्याची दुसरी बाजूही शहराने सोसली आहे. आजवा भरून सुटलेले पाणी विश्वामित्रीतून शहराच्या मधूनच जाते. काळा घोडा पुलाजवळ धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली होती.

आता कागदपत्रांविषयी, कारण कुतूहल असलेला माणूस बहुधा इथेच अडतो. राज्याने १९३४ पासून छापलेल्या निवडक दफ्तराच्या खंडांत आजवा शोधू नये. त्यांचा भर जुन्या काळावर, अठराव्या शतकावर आणि फार तर पुढच्याच्या आरंभावर आहे. पाणीयोजनेचा सलग धागा मिळतो तो माधवरावांनी १८७५-७६ पासून सुरू केलेल्या वार्षिक प्रशासकीय अहवालांत, म्हणजे इंग्रजीत. राज्याचा रोजचा कारभार गुजरातीत आणि जुनी कचेरी मोडी मराठीत, त्यामुळे एका कामाचे कागद तीन भाषांत विखुरलेले. आपल्याकडे मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत, म्हणून बहुतेक लेखन एकट्या इंग्रजी अहवालांवर उभे राहते, आणि त्यात साहेबी थाटाचा सारांश तेवढा हाती लागतो.

वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. राज्याचे वर्ष १ ऑगस्टला सुरू होई. त्यामुळे कामाचा आरंभ १८८४-८५ च्या अहवालात पाहायचा आणि पाणी सोडल्याची नोंद १८९१-९२ च्या. दुसरी गोष्ट पैशाची. तेव्हा राज्याचा स्वतःचा बाबाशाही रुपया चालत असे. तो बंद होऊन कलदार, म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया, आला तो शतक संपता संपता. दोहोंचा भाव सारखा नव्हता. खर्चाचा आकडा उतरवून घेताना तो बाबाशाही की कलदार हे पाहिले नाही, तर बेरजेत भलतीच तफावत पडते. आजव्याच्या खर्चाचे निरनिराळे आकडे ऐकू आले, तर आधी नाणे विचारावे.