पाणथळातला मुक्काम आणि वीतभर उंची

न्यू ऑर्लिन्स शहराच्या मध्यापासून मिसिसिपी नदी ओलांडून मोटारीने निघाले, की अर्ध्या तासाच्या आत बायू सेग्नेट हे लुइझियानाचे राज्य उद्यान लागते आणि तेथे तंबू ठोकून राहता येते. बायू म्हणजे त्रिभुज प्रदेशातला, वाहतो आहे की थांबला आहे हे चटकन कळू नये असा संथ पाण्याचा फाटा. अशा मुलखात मुक्कामाची जागा निवडताना इतर सर्व सोयींच्या आधी उंचीचा विचार करावा लागतो, आणि ही उंची मीटरमध्ये नव्हे, तर वितीत मोजावी लागते.

येथील कोरडी जमीन नदीनेच तयार केलेली आहे. पुराचे पाणी काठ ओलांडून बाहेर पसरते तेव्हा त्याचा वेग एकदम मंदावतो. जड वाळू आणि जाडसर गाळ काठालगतच खाली बसतो, तर बारीक चिकणमाती पाण्याबरोबर दूर सखल भागात जाऊन स्थिरावते. शेकडो पुरांनंतर पात्राच्या दोन्ही बाजूंना एक लांबट, अत्यंत सौम्य उताराचा उंचवटा उभा राहतो, ज्याला आपल्या शालेय भूगोलात पूरतट म्हणतात. त्यामुळे आपल्या नेहमीच्या अनुभवाच्या नेमके उलट घडते: नदीपासून दूर जावे तसतशी जमीन खाली उतरत जाते आणि पाणथळ वाढत जाते. आजचे अनेक बायू हे मिसिसिपीने केव्हातरी सोडून दिलेले जुने प्रवाह आहेत, आणि त्यांच्या काठांवरही असेच छोटे पूरतट शिल्लक आहेत.

शहराची कथाही याहून वेगळी नाही. १७१८ साली बिएनव्हिल या फ्रेंच अधिकाऱ्याने वसाहतीसाठी निवडलेली जागा याच पूरतटावर होती. पुढे विसाव्या शतकात मोठे पंप बसवून मागची दलदल उपसली गेली आणि तेथे वस्ती वाढली. परंतु पाणी निघून गेल्यावर मातीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांना हवा लागली, ते झपाट्याने कुजले आणि जमीन खचत समुद्रसपाटीच्याही खाली गेली. ऑगस्ट २००५ मधील कतरिना चक्रीवादळात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, तरी पूरतटावरचे जुने फ्रेंच क्वार्टर बहुतांशी कोरडे राहिले. तंबू घेऊन येणाऱ्याने बिएनव्हिलचाच कित्ता गिरवावा, हे उत्तम.

ही उंची डोळ्यांना मात्र दिसत नाही. ती झाडांवरून वाचावी लागते. जवळच्या बाराटारिया राखीव क्षेत्रात मुक्कामाला परवानगी नाही, पण तेथील बायू कोकीय नावाची पायवाट हे वाचन शिकण्यासाठी अप्रतिम आहे. सुरुवातीला पूरतटावर लाइव्ह ओकची पसरट झाडे आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या राखाडी झिपऱ्या दिसतात. या झिपऱ्यांना स्पॅनिश मॉस म्हणत असले, तरी ती शेवाळाची जात नसून अननसाच्या कुळातली सपुष्प वनस्पती आहे. थोडे पुढे गेल्यावर बुटक्या पामची पंख्यासारखी पाने दाटीने दिसू लागतात, म्हणजे पायाखालची जमीन ओली झाली. त्यापुढे पाण्यातच उभे असलेले बॉल्ड सायप्रस लागतात, आणि शेवटी झाडे संपून गवताळ दलदल सुरू होते. हा सारा बदल अगदी थोड्या उताराच्या फरकाने घडतो. सायप्रसच्या खोडावर पाण्याने उमटवलेली आडवी रेघ दिसली, तर पाणी कोठवर चढून येते याचा लेखी पुरावाच मिळाला असे समजावे.

याहूनही विश्वसनीय खूण गवतात सापडते. बोटाच्या पेराएवढ्या चिखलाच्या गोळ्या एकावर एक रचून केलेली, मध्ये पोकळ असलेली वीतभर उंचीची नळकांडी जागोजागी उभी दिसतात. ती क्रॉफिश या झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातील प्राण्याच्या बिळाची तोंडे असतात. कल्ले ओले ठेवण्यासाठी त्याला पाणी लागते, म्हणून तो भूजल लागेपर्यंत खाली खणत जातो आणि निघालेला चिखल वर आणून रचतो. हिरवळ कितीही कोरडी भासली, तरी अशी नळकांडी जेथे दिसतील तेथे पाणी फार खोल नाही. त्या मातीत आखूड खुंट्या धरत नाहीत आणि एका जोरदार सरीने जमिनीवर तळे साचते.

पाऊस आला नाही तरी तंबू आतून भिजतोच. निरभ्र, निवांत रात्री तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि येथील हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की कापडाचे तापमान दवबिंदूखाली जायला वेळ लागत नाही. त्यात झोपलेल्यांच्या श्वासातले बाष्प मिसळते. झाडाच्या छत्राखाली कापड आकाशाऐवजी पानांना सामोरे असते, त्यामुळे ते कमी थंड होते आणि दवही कमी पडते. मात्र वर वाळकी फांदी नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये तर घामच वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद पडतो. ऑक्टोबरनंतरचे महिने माझ्या मते एकमेव शहाणपणाचा हंगाम आहेत.

डासांच्या बाबतीत आजच्या पावसापेक्षा आठवड्यापूर्वीच्या पुराचे महत्त्व अधिक असते. खाऱ्या दलदलीतल्या एडिस सॉलिसिटन्स या डासाची मादी पाण्यात नव्हे, तर ओलसर चिखलावर अंडी घालते. ती तशीच वाट पाहत राहतात आणि वर पाणी चढले की एकदम फुटतात. उन्हाळ्यात साधारण आठवडाभरात त्यांचे थवे हवेत येतात आणि कित्येक किलोमीटर उडत जातात. मगरींची, म्हणजे अमेरिकन अ‍ॅलिगेटरची, भीती त्यामानाने अवाजवी आहे. १९६७ मध्ये संकटग्रस्त ठरवलेली ही जात १९८७ पर्यंत पूर्ण सावरली. पाण्यावर विजेरी फिरवली की तिचे डोळे लालसर चमकतात, आणि तंबू काठापासून दूर ठेवला व तिला खाऊ घातले नाही, तर ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.

राहता राहिले बायूचे पाणी. मेक्सिकोच्या आखाताची भरती-ओहोटी जेमतेम फूटभराची, तीही बहुतेक दिवशी एकदाच. त्यामुळे येथील पातळी बरेचदा चंद्रापेक्षा वारा ठरवतो. आग्नेयेचा वारा दोन दिवस सलग वाहिला, तर पावसाचा थेंबही न पडता आखाताचे पाणी दलदलीत आणि पॉन्चरट्रेन सरोवरात ढकलले जाते, आणि हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की तेच पाणी पुन्हा बाहेर ओढले जाते. काठालगत तंबू लावणाऱ्याने हवामानाच्या अंदाजात पावसाच्या शक्यतेइतकीच वाऱ्याची दिशाही पाहावी, कारण वीतभर चढलेले पाणी येथे कित्येक मीटर आत पसरते.