नून ऑन डूम्सडे

नून ऑन डूम्सडे : अमेरिकन लेखक रॉड सर्लिंग (१९२४–७५) याचे दूरचित्रवाणी नाटक. सीबीएस वाहिनीच्या ‘द युनायटेड स्टेट्स स्टील अवर’ या मालिकेत २५ एप्रिल १९५६ रोजी ते सादर झाले. एका लहान गावाने आपल्यातल्या खुन्याला पाठीशी घालणे, हा त्याचा विषय. वर्णद्वेषावर लिहायला घेतलेल्या या नाटकात पडद्यावर येईपर्यंत वर्णद्वेषाचा मागमूसही उरला नाही. त्यामुळे प्रत्यक्ष नाटकापेक्षा त्याचे जे केले गेले, त्यासाठीच ते आज लक्षात ठेवले जाते.

मूळ घटना अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातील आहे. एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा सुट्टीत मनी या खेड्यात नातेवाइकांकडे आला होता. एका गोऱ्या दुकानदाराच्या बायकोशी तो आगाऊपणे वागला, असा आरोप करून २८ ऑगस्ट १९५५ रोजी त्याला रात्री घरातून उचलून नेले व ठार मारले. मुलाचे काय केले ते जगाला दिसू दे, म्हणून आई मेमी टिल हिने शवपेटी उघडी ठेवली. सप्टेंबरमध्ये केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरातच दुकानदार व त्याचा सावत्रभाऊ या दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवले. एकदा सुटल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालू शकत नव्हता. पुढे जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ मासिकात त्या दोघांचा कबुलीजबाब छापून आला, तोही पैसे घेऊन दिलेला.

सर्लिंगला खुन्यांइतकेच त्यांच्याभोवती कडे करून उभ्या राहिलेल्या गावाने अस्वस्थ केले. पण त्या काळी प्रायोजक कंपनी नुसती जाहिरात देत नसे. कार्यक्रमाला तिचेच नाव असे आणि संहितेवर शेवटचा शब्द तिचा व तिच्या जाहिरातसंस्थेचा चाले. कृष्णवर्णीय बळी चालणार नाही हे दिसताच त्याने दक्षिणेतल्या गावातला एक वृद्ध ज्यू सावकार बळी म्हणून रंगवला, आणि ही संहिता स्वीकारलीही गेली. मग हे टिल प्रकरणावर आहे का, असे एका पत्रकाराने विचारले. सर्लिंगने ते नाकारले नाही. बातमी पसरली आणि दक्षिणेतील ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ या वर्णविभाजनवादी संघटनांनी प्रायोजकावर बहिष्काराची धमकी दिली.

प्रायोजक होती पोलाद बनवणारी कंपनी. पोलाद काही कोणी वाण्याकडून आणत नाही. मग यापुढे दक्षिणेत बांधकामे अ‍ॅल्युमिनियमची होणार का, हा सर्लिंगचा प्रश्न रास्तच होता. तरीही संहितेवर कात्री चालली. गाव दक्षिणेतून उचलून ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये नेले आणि मरणारा माणूस कुठला तरी अनामिक परदेशी झाला. कोका-कोला मूळचे दक्षिणेतले, त्यामुळे दक्षिणेची आठवण होईल म्हणून दृश्यांतल्या त्याच्या बाटल्यादेखील काढल्या. बाटलीपर्यंत पोहोचलेली ही भीती त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते.

सर्लिंगने विषय सोडला नाही. ‘प्लेहाउस ९०’ या मालिकेत १९ जून १९५८ रोजी त्याचे ‘अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट’ हे नाटक आले. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहायमर. यावेळीही गाव शंभरएक वर्षे मागे, नैर्ऋत्य अमेरिकेत गेले आणि झुंडीने मारलेला मुलगा मेक्सिकन झाला. तरी हे नाटक अधिक टोकदार वाटते. त्याचे बरेचसे श्रेय रॉड स्टायगरने साकारलेल्या, झुंडीपुढे मान तुकवून बसलेल्या शेरीफला द्यायला हवे.

‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्भुत कथांची मालिका सर्लिंगने २ ऑक्टोबर १९५९ पासून सुरू केली. परग्रहवासी आणि भुताखेतांच्या तोंडून बोललेले प्रायोजकांना खटकत नाही, हे तो या अनुभवांतूनच शिकला होता. मार्च १९६४ मधील ‘आय अ‍ॅम द नाइट – कलर मी ब्लॅक’ या भागात तो पुन्हा लहान गावाकडे वळला. एका वर्णद्वेष्ट्याला मारणाऱ्या माणसाला सकाळी फाशी द्यायची आहे, पण गावात सूर्य उगवतच नाही. द्वेषाचा हा काळोख आणखी कुठे कुठे पसरला आहे ते शेवटी रेडिओवर ऐकू येते. १९५६ मध्ये दक्षिणेचे नावही घेऊ न दिलेल्या या लेखकाच्या त्या यादीत दक्षिणेतल्याच अलाबामातील बर्मिंगहॅम शहराचे नाव स्पष्ट उच्चारलेले आहे.