चिकन मागवलं म्हणजे व्हाईट वाईनच घ्यायची?

"पांढऱ्या मांसासोबत व्हाईट वाईन, लाल मांसासोबत रेड" हा नियम कित्येक वर्षं फिरतोय, त्यामुळे रेस्टॉरंटमध्ये चिकन सांगितलं की बरेच जण मेनूतलं रेडचं पान उघडतच नाहीत.

नियम अगदीच हवेतून आलेला नाहीये. रेड वाईन द्राक्षाच्या सालींसकट आंबवतात त्यामुळे तिच्यात टॅनिन हा सालींतला तुरट घटक उतरतो, तो लाळेतल्या प्रथिनांना चिकटतो आणि जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडी पडते, मग लिंबू-बटरमधल्या चिकनची नाजूक चव त्याखाली दबते. तिथे व्हाईट बरोबरच आहे. पण सगळ्या रेडमध्ये टॅनिन सारखं नसतं ना! पिनो न्वार, गामे या द्राक्षांच्या वाईन हलक्या असतात, भाजलेल्या चिकनसोबत मस्त जमतात. फ्रान्सच्या कोक ओ व्हँ या डिशमध्ये तर कोंबडी सहसा रेड वाईनमध्येच शिजवतात.

म्हणजे मांसाच्या रंगापेक्षा सॉस बघा. क्रीम असेल तर व्हाईट, मशरूम असेल तर हलकी रेड. डिश तिखट असेल तर मात्र जास्त अल्कोहोल आणि जास्त टॅनिन दोन्ही टाळा, जळजळ अजून वाढते, तिथे किंचित गोड रीसलिंग ही व्हाईट वाईन बरी.

तपासायचं असेल तर दोघांत एक ग्लास व्हाईट आणि एक हलकी रेड मागवा, सॉससकट चिकनचा घास, मग एकीचा घोट, मध्ये पाणी, मग तसंच दुसरीसोबत. ज्या घोटानंतरही चिकनची चव तोंडात राहते ती त्या डिशची वाईन, रंग कुठलाही असो.