ॲनिमेशन की सिम्युलेशन? पडद्यावर सारखी, वर्गात वेगळी

मुंबईतल्या पुष्कळ शाळांत आता प्रोजेक्टर नाहीतर स्मार्ट बोर्ड आहे. तास संपवून शिक्षकांच्या खोलीत आलेल्या बाई सांगतात, "आज ॲनिमेशन दाखवलं, मुलांना फार आवडलं." या 'ॲनिमेशन'मध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. एक खरंच ॲनिमेशन असतं, दुसरं सिम्युलेशन. रंग, बाण, हलणारे ठिपके दोन्हींत सारखेच दिसतात, त्यामुळे गल्लत होणं साहजिक आहे. पण कोणतं वापरलं यावर तासाला मुलांनी काय केलं हे ठरतं, म्हणून हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

नववीचा 'धाराविद्युत' हा पाठ घ्या. एका विद्युतघटाला दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, लावले आहेत. ॲनिमेशनमध्ये इलेक्ट्रॉन तारेतून धावतात, दोन्ही बल्ब पेटतात, निवेदक विद्युतधारेची व्याख्या सांगतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "बाई, एक बल्ब काढला तर दुसरा चालू राहील का?" ॲनिमेशनकडे याचं उत्तर नाही. त्यातली चित्रं कुणीतरी आधीच एका ओळीत लावून ठेवलेली असतात आणि कितीही वेळा लावलं तरी त्याच ओळीने पुढे सरकतात. लोकलमधली 'पुढील स्टेशन दादर' ही घोषणा जशी कुणी काहीही विचारलं तरी तेच सांगते, तसं.

सिम्युलेशनच्या आत चित्रांची अशी ओळ नसते, नियम असतात. विभवांतर (व्होल्टेज), रोध (रेझिस्टन्स) आणि विद्युतधारा यांचं गणित आत चालू असतं आणि तुम्ही काही बदललंत की ते नव्याने सोडवलं जातं. बल्ब काढला की परिपथ (सर्किट) तुटतो, दुसरा विझतो. घट वाढवला की उजेड वाढतो. बनवणाऱ्याने ज्याची कल्पनाही केली नसेल अशी जोडणी मुलीने केली, तरी त्या नियमांतून निघणारं उत्तर पडद्यावर येतं.

ओळखायची खूण सोपी आहे. बटणं आहेत का, हे पाहून भागत नाही. पुष्कळ व्हिडिओंत 'पुढे' हे बटण असतं, शेवटी चार पर्यायांचा प्रश्नही असतो, तरी ते ॲनिमेशनच. एखादी राशी, म्हणजे घटांची संख्या किंवा रोध असं काही, स्वतः बदलून पाहा. तिच्याप्रमाणे परिणाम बदलला तर ते सिम्युलेशन. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचं साहित्य उघडतं. तिथे बरेचदा समजावून सांगणारा व्हिडिओ असतो. तो उपयोगी आहेच, पण मूल त्यात काही बदलू शकत नाही.

सिम्युलेशन्स शोधायला फार लांब जावं लागत नाही. कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पात विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स मोफत मिळतात, त्यांतली अनेक मराठीतही आहेत. ती उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली की इंटरनेटशिवाय चालतात. ज्या शाळेत वायफाय फक्त ऑफिसात पोचतं, तिथे ही सोय फार मोलाची. सी-डॅक मुंबई आणि अमृता विश्व विद्यापीठम् यांच्या 'ओलॅब्स'वर नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. भूमितीसाठी जिओजेब्रा आहे: त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढा, कोन बदलत राहतात, बेरीज 180 अंशच राहते.

मग ॲनिमेशन सोडून द्यायचं का? मुळीच नाही. जिथे घटनेचा क्रम हाच विषय असतो, उदाहरणार्थ पेशीविभाजनाच्या अवस्था किंवा हृदयातून रक्ताचा प्रवास, तिथे तेच योग्य. तिथे मुलांनी काही बदलण्यासारखं नसतंच.

खरी अडचण पुढे आहे. सिम्युलेशनसुद्धा ॲनिमेशनसारखं चालवता येतं आणि बहुतेक वर्गांत तसंच घडतं. पडद्यावर परिपथ उघडून शिक्षक स्वतःच घट वाढवतात, रोध कमी करतात, प्रत्येक वेळी काय झालं तेही स्वतःच सांगतात. साधन उत्तर द्यायला तयार असतं, पण मुलांना विचारायची संधीच मिळत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुलं, एक लॅपटॉप आणि संपवायचा पाठ, या परिस्थितीत असं का होतं ते मला कळतं. तरीही यातून मार्ग निघतो आणि त्यासाठी प्रत्येकाच्या हातात टॅब असावाच लागत नाही.

क्लिक करण्याआधी भाकीत लिहून घ्यायचं, एवढंच करायचं. त्याच एकसर जोडणीत विचारा, "पहिल्या बल्बच्या आधी आणि दुसऱ्याच्या नंतर, धारा सारखी असेल की कमी होईल?" प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग हात वर. बरीच मुलं म्हणतील, नंतर कमी होईल, कारण पहिल्या बल्बने थोडी वापरली. ही समजूत जगभरच्या वर्गांत आढळते. व्हिडिओ पाहून ती सहजी जात नाही, कारण मूल व्हिडिओतही आपल्याला वाटतं तेच पाहतं. आता एका विद्यार्थिनीला पुढे बोलवा आणि दोन्ही ठिकाणी अमीटर (धारा मोजणारं साधन) लावायला सांगा. दोन्ही आकडे सारखे येतात. चुकलेलं भाकीत वहीत समोर असतं, म्हणून 'असं का?' हा प्रश्न मुलांकडूनच येतो. बल्ब ऊर्जा रूपांतरित करतो, धारा गिळत नाही, हे सांगायची वेळ ही.

उलटही करता येतं. हाताशी फक्त व्हिडिओ असेल तर नेमक्या जागी थांबवा, पुढे काय होईल ते लिहून घ्या, मग चालू करा. मुलांचे सगळे प्रश्न त्यातून सुटणार नाहीत, पण निदान विचार करून पाहणं होईल.

आणि सिम्युलेशन म्हणजे प्रयोग नव्हे, हेही शिक्षकांनी मनाशी पक्कं ठेवायला हवं. त्यातल्या तारा सहसा आदर्श असतात. त्या गंजत नाहीत, सैल होत नाहीत. खऱ्या बल्बच्या तारेचा रोध ती तापल्यावर वाढतो, हे साध्या सिम्युलेशनमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लावून 'ओलॅब्सवर दाखवलं' अशी नोंद जर्नलमध्ये करणं मला अजिबात मान्य नाही. लॅमिंग्टन रोडवर टॉर्चचे छोटे बल्ब, वायर आणि सेल होल्डर सहज मिळतात. दीड व्होल्टचे दोन सेल पाच-सहा मुलांच्या गटाला पुरतात. आधी वहीत भाकीत, मग पडद्यावर पडताळा, मग हातात खरी जोडणी, हा क्रम ठेवा. बल्ब पेटला नाही तर मुलं आता नुसती तुमच्याकडे बघत बसणार नाहीत. परिपथ कसा असतो ते त्यांना माहीत आहे, सैल टोक ती स्वतः शोधू शकतात.