पक्षाघातानंतरचा दमसास

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एखाद्या मराठी घरात पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून परतला, की सगळ्यांचे लक्ष त्याच्या हातापायांकडे लागते. बोटे हलली का, पाऊल टेकले का, याची चौकशी रोज होते. श्वास तर चालूच आहे, म्हणून त्याच्याविषयी कोणी विचारत नाही. पण त्याच माणसाला पाणी पिताना ठसका लागत असेल आणि खोकला घशातच विरत असेल, तर ती खूण लुळ्या हाताइतकीच गंभीर मानली पाहिजे.

श्वासाचे हुकूम मेंदूत दोन ठिकाणांहून निघतात. झोपेतही चालणारा श्वास मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या ताब्यात असतो. ठरवून घेतलेला खोल श्वास मात्र, हातपाय हलवण्याच्या हुकुमाप्रमाणेच, मोठ्या मेंदूच्या बाह्यपटलातून येतो. हद्दूखाँ-हस्सूखाँ या ख्यालगायकांच्या गायकीच्या या शहरात दमसास रियाजाने कमवावा लागतो हे कोणाला सांगायला नको, आणि तो दमसास या दुसऱ्या वाटेवरचा आहे. पक्षाघातात बहुधा हीच वाट तुटते. म्हणून स्वस्थ बसलेला रुग्ण नीट श्वास घेताना दिसतो, पण ‘छाती भरून श्वास घ्या’ म्हटले की लुळ्या बाजूचे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, पुरेसे खाली सरकत नाही.

जोरकस खोकल्यासाठी आधी खोल श्वास, मग क्षणभर मिटलेले स्वरयंत्र आणि त्यावर पोटाच्या स्नायूंचा दाब, असे सगळे जुळून यावे लागते. त्यातच सुरुवातीच्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळणे जड जाते. चुकून श्वासनलिकेत उतरलेली लाळ किंवा अन्न दुबळ्या खोकल्याने बाहेर पडत नाही, आणि त्यातून होणारा न्यूमोनिया हे पक्षाघातानंतरच्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे.

यावर उपाय म्हणजे श्वासाच्या स्नायूंनाही दंडाप्रमाणे वजन देणे. हातात मावणाऱ्या एका नळीत स्प्रिंगची झडप असते. ठरवलेल्या जोराने हवा ओढल्याशिवाय ती उघडत नाही. आधी रुग्णाचा जास्तीत जास्त जोर मोजतात. तो ४० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाइतका भरला, तर त्याच्या सुमारे ३० टक्के, म्हणजे १२ सेंटिमीटरपासून सुरुवात करून भार हळूहळू वाढवतात. सराव साधारणपणे दिवसाला अर्धा तास, आठवड्यातून ५ दिवस आणि काही आठवडे चालतो. उच्छ्वासाच्या स्नायूंसाठी वेगळे उपकरण असते आणि खोकल्याच्या दृष्टीने ते मला तितकेच महत्त्वाचे वाटते. रुग्णालयातून घरी आणले जाणारे तीन चेंडूंचे यंत्र हे काम करत नाही. ते खोल श्वासाची सवय लावते, पण त्यात ठरावीक भार देता येत नाही.

अशा सरावाने स्नायूंचे बळ वाढते आणि श्वसनाच्या तक्रारी घटतात, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे; चालण्यातील सुधारणेचे पुरावे तेवढे ठाम नाहीत. फुप्फुसाभोवती नुकतीच हवा साठलेली असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल, तर हा व्यायाम करू नये, म्हणून तो डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच सुरू करावा. सरावात चक्कर आली तर तिथेच थांबावे.

एक लहान अडचण घरीच कळते. तोंड एका बाजूला वाकले असेल, तर त्या कोपऱ्यातून हवा निसटते, झडप उघडत नाही आणि रुग्ण हिरमुसतो. अशा वेळी शेजारी बसलेल्या मुलीने किंवा सुनेने ओठांचा तो कोपरा दोन बोटांनी नळीवर अलगद दाबून धरावा.