मांडव घालतात, तंबू ठोकतात

मराठीत मांडव ‘घालतात’ आणि तंबू ‘ठोकतात’. बारशाला किंवा वाढदिवसाला अंगणात घरच्या घरी सावली करायची ठरली, की हा फरक आपण विसरतो आणि चार बांबू वीतभर खोल रोवून, त्यांच्या टोकांना ताडपत्रीचे कोपरे बांधून मोकळे होतो. जे उभे राहते ते धड मांडव नसते आणि धड तंबूही नसते. दुपारी वारा सुटला की पाहुण्यांनाच बांबू धरून बसावे लागते.

दोहोंतला भेद ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मनातल्या मनात छप्पर काढून पाहावे. वेल वाळून गेला तरी परसातला दोडक्याचा मांडव उभाच राहतो, कारण त्याचे बळ जमिनीत पुरलेल्या मेढींत आणि त्यांना घट्ट बांधलेल्या आडव्या बांबूंत असते. तंबूचे कापड आणि दोर काढले, तर खांब तत्क्षणी आडवा होतो. तो नुसता टेकलेला असतो आणि चहूबाजूंच्या ताणामुळे उभा असतो.

म्हणून मांडव घालताना कष्ट खड्ड्यावर घ्यावेत. दहा फुटांच्या बांबूसाठी दोन फूट खोल खड्डा हवा आणि भोवती दगड, मुरूम घालून तो पहारीने ठासून घ्यावा. लग्नात पहिली मेढ मुहूर्त पाहून रोवतात आणि कोणत्याही कार्याच्या आरंभाला आपण ‘मुहूर्तमेढ’ म्हणतो, ते उगाच नव्हे. कोकणात खळ्यातल्या मांडवावर झावळ्या घालतात, त्यांच्या फटींतून वारा निघून जातो. ताडपत्री मात्र तो अडवते, आणि आजच्या घरगुती मांडवांची खरी अडचण तिथे सुरू होते. ताशी 36 किलोमीटर वेगाचा वारा समोरून आला, तर चौरस मीटरला साधारण 6 किलोचा दाब देतो. 12 बाय 15 फुटांची ताडपत्री सुमारे 17 चौरस मीटर भरते, म्हणजे फडफडणाऱ्या पडद्यावर शंभर किलोचा जोर येऊ शकतो. पावसाची शक्यता असेल तर एक बाजू दोन-तीन फूट खाली घ्यावी; चौरस मीटरभर जागेत 5 सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन 50 किलो होते.

तंबूत सगळी मदार दोर आणि खुंट्यांवर असते. खांबाची जितकी उंची, साधारण तितक्या अंतरावर खुंटी ठोकावी आणि तिचे डोके तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेले ठेवावे. सरळ ठोकलेली खुंटी ताणाने उपटून येते. सुती दोर भिजला की आखडतो, नायलॉनचा सैल पडतो, त्यामुळे सर येऊन गेल्यावर एक फेरी मारावीच लागते. ताडपत्रीची रिंग फाटलेली असेल, तर कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोर बांधावा. ही जुनी युक्ती रिंगेपेक्षा भरवशाची वाटते.

जागेचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. 12 बाय 15 फुटांच्या तंबूचे खांब आठ फूट उंच असतील, तर दोरांसह तो 28 बाय 31 फूट जागा व्यापतो, शिवाय मुले दोरांत अडखळतात ती वेगळीच. लहान अंगणात म्हणूनच मांडव बरा.

गच्चीवर खड्डाही खणता येत नाही आणि खुंटीही ठोकता येत नाही. तिथे तंबूच करावा आणि खुंट्यांच्या जागी पाण्याने भरलेली पिंपे ठेवावीत. वीस लिटरचा कॅन मात्र चालणार नाही, कारण तिरक्या दोराने तो आधी थोडा हलका होतो आणि मग फरशीवरून सरकतो. प्रत्येक कोपऱ्याला शंभर लिटरचे पिंप हवे.